चिंचोळीचा वानेरा

"सही कर इथं," आप्पा म्हणाले आणि वही मायच्या पुढ्यात धरली.

मायचे दोन्ही हात पिठात होते. तिनं उजवा हात परातीच्या काठाला पुसला, मग पदराला पुसला, पेन घेतलं आणि आप्पांचं बोट जिथं होतं तिथं सावकाश 'गिरिजाबाई' असं लिहिलं. पेन परत दिलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. काय लिहिलंय हे तिनं विचारलं नाही, आप्पांनी सांगितलं नाही.

"आप्पा, सभा रविवारी आहे," मी चुलीच्या अलीकडून म्हणाले. "आज बुधवार."

"मग?"

"मग ठरावावर आजच सही कशी काय?"

"रविवारी तिला चहा-पोह्यातून सवड मिळणार हाय का? काहीतरीच बोलायलीस."

हे असं चालायचं आमचं मंडळ. देवणी गोपालक मंडळ, टाकळगाव. गावं छत्तीस, कार्यालय आमची ओसरी. आप्पा अध्यक्ष, बावीस वर्षं, बिनविरोध. कार्यकारिणी अकरा जणांची, कोरम सातचा, आणि लोक काही सभेला येत नाहीत म्हणून सातातले चार घरातलेच भरलेले: आप्पा, माय, माझा धाकटा भाऊ बस्वराज आणि मी. मी सचिव. आधीचे सचिव वैतागून गेले, तेव्हा आप्पा म्हणाले, "घरात शिकलेली पोरगी असताना बाहेर कशाला हुडकायचं?" झालं. एक पै पगार नाही. सकाळी शाळेत पोरांना विज्ञान शिकवायचं आणि दुपारी कुणाची गाय कधी व्याली, बाप कोण, आई कोण, हे वहीत लिहायचं. एकोणतीस वर्षांची झाले होते मी. माझ्या लग्नाचं बघायला आप्पांना वेळ नव्हता, कारण छत्तीस गावच्या गायींची स्थळं त्यांच्याकडं होती.

ठराव असा होता, की येती तीन वर्षं मंडळाच्या सगळ्या गावांत गायी लावायला जमादार हाच वळू राहील. जमादार आमचा. त्याचा बाप फौजदार, तोही आमचा. फौजदाराचा बाप कोतवाल, त्याचा फोटो ओसरीत, प्रदर्शनात मिळालेल्या पहिल्या नंबरच्या ढालीसकट. सगळी कचेरीच भरली होती आमच्या गोठ्यात. आप्पा गाय लावायचं कुणाकडून काही घ्यायचे नाहीत, उलट आलेल्या माणसाला जेवू घालायचे, हे खरं. पण एकोणीस वर्षं छत्तीस गावांत एकाच घरचं रक्त म्हटल्यावर काय होणार? नातीला आजा लागत होता आणि बहिणीला भाऊ. मी तीन वर्षांच्या नोंदी काढून बसले, तर पाचातलं एक वासरू अधू. कुणाला डोळे नाहीत, कुणाचे मागचे पाय लुळे. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, "बाई, रक्त बदला. नाहीतर दहा वर्षांनी देवणी जात फक्त फोटोत बघायची."

"मन्मथप्पांची गाय काल व्याली," मी म्हणाले. मन्मथप्पा शेजारच्या गावचे, आमच्याच कार्यकारिणीतले. "वासरू आंधळं आहे. तिसरं."

"गायीत खोट आसंल."

"तीन वेगवेगळ्या गायी आहेत, आप्पा!"

"मग चाऱ्यात आसंल."

माझं टाळकंच सणकलं. "वळू सोडून सगळ्यात खोट असंल, नाही का? डॉक्टर म्हणाले, चिंचोळीला एक वानेरा वळू आहे. साडेतीन वर्षांचा. अंग पांढरंशुभ्र, तोंड काळंभोर, कोतवालाच्या रक्ताचा थेंब नाही त्याच्यात. तो आणू तीन वर्षांसाठी."

चिंचोळी म्हटल्यावर मायचा हात परातीत थांबला.

"कुणाच्या घरी हाय?" आप्पांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"आत्याच्या."

"नियम सात काय म्हणतो?"

"राज्याच्या हद्दीबाहेर जन्मलेलं जनावर नोंदवू नये. पाठ आहे मला."

"मग विषय संपला," असं म्हणून आप्पा वही घेऊन उठले.

चिंचोळी आमच्यापासून सात कोस. मध्ये फक्त एक नदी आणि पाटी, की इथून कर्नाटक सुरू. गायींना ती पाटी वाचता येत नाही, हे मी आप्पांना शंभरदा सांगून झालं होतं. आप्पांची एकुलती एक बहीण, कुशावर्ता आत्या, तिथं दिलेली. ती एकोणीस वर्षांत माहेरी आली नव्हती. का, तर आजोबा गेल्यावर तिनं जमिनीत हिस्सा मागितला आणि आप्पांनी तिला तोडली. मी तेव्हा दहा वर्षांची, तेव्हापासून हेच ऐकलेलं. आमच्याकडं कुणी बाई जरा हट्टाला पेटली, की माय म्हणायची, "वन्संवानी करू नकोस."

शुक्रवारी मी शाळेतून लवकर निघाले आणि बस्वराजच्या मोटारसायकलवर मागं बसले. घरी सांगितलं, तालुक्याला काम आहे. बस्वराज वाटेत तीनदा म्हणाला, "आक्का, आप्पा मला घराबाहेर काढतील." चौथ्यांदा मी म्हणाले, "तुझं सोड, आधी मला काढतील. गाडी हाण."

आत्या दारातच ज्वारी पाखडत बसली होती. बारीक, काळीसावळी, कपाळावर विभूती. आमच्याकडं बघितलं, सूप खाली ठेवलं.

"तू गिरिजावैनीची," ती म्हणाली. "नाक तिचंच हाय. अन् हा बस्वराज. पाळण्यात होता हा."

मी पाया पडायला वाकले तर तिनं दोन्ही हातांनी वरच्यावर धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मी आले होते वळू बघायला आणि इथं भलतंच सुरू होत होतं.

वळू गोठ्यात होता. आत्याचा मुलगा शरणप्पा त्याला बाहेर घेऊन आला आणि मी बघतच राहिले. आयुष्यात हजारभर देवणी जनावरं मोजली असतील मी, पण असा वळू नाही. कपाळ फुगीर, कान लांब आणि लोंबते, वशिंड ताठ, पाय चारही सरळ. बस्वराजला वळवातलं काही कळत नाही, तोसुद्धा म्हणाला, "आयला!"

"याची आई कोण?" मी पिशवीतून कागद काढला.

"रंगीची नात," आत्या म्हणाली. "रंगी म्हणजे तुझ्या आजोबानं मला आंदण दिलेली पाडी. लगीन लागलं अन् माझ्या मागं ती पाडी चालत आली इथवर. मी रडत होते अन् ती हंबरत होती. तिच्याच पोटची पिढी ही सगळी."

म्हणजे आईच्या बाजूनं आमच्याच घरचं दूध आणि बापाच्या बाजूनं तीन पिढ्या नदीपलीकडचं रक्त. शास्त्रानं बघा नाहीतर डोळ्यानं बघा, याहून चांगला वळू आम्हाला मिळणार नव्हता. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

"आत्या, हा तीन वर्षं आम्हाला दे. मंडळ सगळं बघेल. खाणंपिणं, औषध, सगळं."

"मंडळ!" शरणप्पा हसला. "आक्का, तुमच्या मंडळामुळंच तर हा असा पडून हाय. तुमच्या वहीत नाव नाही, म्हणून नोंदीची चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही, म्हणून प्रदर्शनात उभा करू देत नाहीत. मग गाय कोण आणतंय इकडं? माझ्या जोडीतला एक बैल दिवाळीला गेला. मृगाला पेरणी करायची तर मला बैल पायजे, वळू घेऊन काय करू? चिमटा लावायचं ठरलंय माझं."

चिमटा म्हणजे खच्ची करणं. एकदा चिमटा बसला, की वळू बैल होतो आणि ती पिढी तिथंच संपते.

"नाही नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "थांब जरा."

"आखितीपर्यंत थांबतो."

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, बुधवारी होती. मी आत्याकडं बघितलं.

"वळू फुकट ने," आत्या म्हणाली. "खाणंपिणं बी नको मला तुमचं. पण आण्णाला, तुझ्या बापाला, येऊ दे न्यायला. त्यानं माझ्या दारात यावं अन् माग म्हणावं. मी देईन."

"अगं, ते येणार नाहीत. तू हिस्सा मागितलास ते अजून त्यांच्या..."

आत्यानं माझ्याकडं असं बघितलं, की माझं वाक्य तिथंच अडलं.

"हिस्सा?" ती म्हणाली. "असं सांगितलंय व्हय तुमाला?" आणि ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. "तुमच्याकडं मंडळाच्या वह्या असतील की जुन्या. तू सचिव हायस म्हणतीस. वाचत जा कधीतरी."

शनिवारी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. जुनी इतिवृत्तं, वाळवीनं खाल्लेली, एकोणीस वर्षांपूर्वीची वही मात्र शाबूत. नियम सात जिथं झाला ते पान सापडलं. दोनदा वाचलं. मग वही पिशवीत घातली आणि कुणाशी एक शब्द बोलले नाही. घरात आप्पांसमोर ठेवली असती तर वही चुलीत गेली असती आणि मी गप्प बसले असते. मला माझा स्वभाव माहीत आहे आणि त्यांचाही.

रविवारी दहाला सभा. साडेअकराला सात जमले: आम्ही चौघं, मन्मथप्पा आणि आणखी दोघं. माय अर्थात स्वयंपाकघरात, पण हजेरीला तिचं नाव होतं. आप्पांनी ठराव वाचला.

"सूचक मी, अनुमोदक सौ. गिरिजाबाई. मंजूर समजायचं?"

"समजायचं," दोघं म्हणाले.

"नाही समजायचं," मी म्हणाले आणि उठून उभी राहिले. अधू वासरांची यादी वाचायला लागले. गाव, मालक, गाय, काय दोष. यादी लांब होती. मी मुद्दाम सावकाश वाचली. मन्मथप्पांचं नाव तीनदा आलं आणि तिन्ही वेळा ते सतरंजीकडं बघत बसले.

"मन्मथप्पा, तुम्ही तरी बोला की! तुमच्या दावणीला तीन आंधळी वासरं आहेत."

"मी काय बोलू," ते म्हणाले. "मालकांनी ठरवलंय तर बघूनच ठरवलं आसंल."

असा संताप आला मला! ज्याचं जळतं त्यालाच कळत नसेल तर मी कुणासाठी घसा कोरडा करायचा? शाळा करून, घरचं करून मी तीन वर्षं छत्तीस गावांची धूळ खाल्ली ती याचसाठी?

"चिंचोळीचा वळू आणा," मी म्हणाले. "मी बघून आले."

बस्वराजनं डोळे मिटले. आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. "नियम सात," एवढंच म्हणाले.

"नियम सात कुठून आला, ते वाचते." मी वही काढली.

"ठेव ती खाली."

"सचिव आहे मी. इतिवृत्त वाचायचा हक्क आहे मला." आणि मी वाचलं. "टाकळगाव येथील जनावरांच्या प्रदर्शनात पहिल्या क्रमांकाने निवडलेला वळू, मालक सिद्रामप्पा, राहणार चिंचोळी, हा राज्याच्या हद्दीबाहेर जन्मलेला असल्याचे निदर्शनास आल्याने त्याचा क्रमांक रद्द करण्यात येत आहे. दुसऱ्या क्रमांकाचा वळू कोतवाल, मालक व्यंकटराव बिरादार, यास पहिला घोषित करण्यात येत आहे. यापुढे राज्याच्या हद्दीबाहेर जन्मलेले जनावर मंडळाच्या वहीत नोंदवू नये. हा नियम सात समजावा. सूचक, व्यंकटराव बिरादार."

सिद्रामप्पा म्हणजे आत्याचे यजमान, व्यंकटराव म्हणजे आप्पा.

"म्हणजे हिश्शाचं काय?" बस्वराजनं विचारलं. तो नुसता आप्पांची जीप चालवायचा, आप्पांना प्रश्न विचारताना मी त्याला पहिल्यांदा बघितलं. "आप्पा, आत्यानं हिस्सा मागितला होता ना?"

आप्पांचा चेहरा लाल झाला. "मी एकट्यानं केला नाही तो ठराव. रीतसर झालाय. अनुमोदन हाय त्याला."

"कुणाचं?" मन्मथप्पांनी विचारलं.

मी वही मिटली. तेवढं नाव मला वाचायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं वाचायचं. पण दारात माय उभी होती, हातात चहाचा ट्रे, आणि ती केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक.

"कुणाचं अनुमोदन हाय, चंद्रकला?"

"राहू दे माय. जुनं आहे."

"वाच म्हणलं ना."

"सौ. गिरिजाबाई व्यंकटराव बिरादार," मी वाचलं.

मायनं ट्रे खाली ठेवला. एक कपही डचमळला नाही.

"त्या दिवशी घरात साठ माणसं जेवायला होती," ती म्हणाली. आप्पांशी बोलत होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "वन्सं माझ्या शेजारी बसून भाकरी भाजायल्या होत्या. त्यांच्या वळूचा पहिला नंबर आला म्हणून त्या खुशीत होत्या, मला म्हणल्या, वैनी, आज मी दोन भाकरी जास्त खाणार. तुमी आलाव. सही कर म्हणलाव. मी केले. त्यांच्या शेजारी बसून केले ओ! सांजच्याला त्या न जेवता उठून गेल्या. मी तुमाला विचारले तर तुमी म्हणलाव, हिस्सा मागायली. एकोणीस वर्षं मी त्या बाईला नावं ठेवले. माझ्या लेकरांना सांगितले, तिच्यावानी होऊ नका."

"गिरिजा, आत जा," आप्पा म्हणाले.

"आजची वही कुठं हाय?"

मी दिली. मायनं बुधवारची सही हुडकली, पेन मागितलं आणि 'गिरिजाबाई'वर एक आडवी रेघ मारली. मग दुसरी मारली. "अन् हजेरीतून माझं नाव काढ. मी हजर नाही."

"अगं, समोर उभी हायस की," आप्पा म्हणाले.

"चहा द्यायला आल्ते," असं म्हणून माय आत गेली.

उरलो सहा. कोरम सातचा. बावीस वर्षांत पहिल्यांदा टाकळगावची सभा मोडली, आणि मी, सचिव, वहीत लिहिलं, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब. चहा कुणीच घेतला नाही.

मला वाटलं, झालं, जिंकले. ठराव पडला, खरं काय ते बाहेर आलं, आता आप्पा उठतील आणि चिंचोळीला जातील. किती खुळी होते मी! आप्पा उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. सोमवारी तिथंच, मंगळवारी तिथंच. जेवण बस्वराज नेऊन द्यायचा. जमादाराला खरारा करत बसायचे दिवसभर. माय त्यांच्याशी बोलेना, ते कुणाशीच बोलेनात. मी रोज शाळेतून आले की गोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहायची.

"आप्पा, उद्या आखिती. शरणप्पा थांबणार नाही."

गप्प.

"तुम्ही काही बोलू नका तिथं जाऊन. नुसतं उभं राहा. मी बोलते."

गप्प.

"आप्पा, तुमचा राग माझ्यावर आहे ना? मग मला मारा. वळवानं काय केलंय?"

"चारा सरायला आलाय," आप्पा म्हणाले. "बस्वराजला सांग."

आखितीला घरात पुरणपोळी झाली आणि तशीच उरली. मी सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडं चिठ्ठी दिली, शरणप्पासाठी: चार दिवस थांब, आप्पा येतात. खोटंच लिहिलं. चार दिवस गेले. मग पाचवा, सहावा. डोकं फुटायची वेळ आली. रानात नांगरट सुरू झाली होती, जो तो बैल बघत होता, आणि माझा बाप जमादाराची शिंगं तेलानं पुसत बसला होता. मी मायला म्हणाले, "तू तरी बोल त्यांच्याशी." ती म्हणाली, "मी तीस वर्षं बोलले नाही, आता एकाएकी काय बोलू?" बस्वराज म्हणाला, "आपण दोघं जाऊ." पण आत्याची अट एकच होती आणि ती माझ्यानं पुरी होणारी नव्हती.

नवव्या दिवशी पहाटे आप्पा न्हाऊन धुतलेलं धोतर नेसून ओसरीत आले. हातात नारळ आणि एक नवं लुगडं, कुठून आणवलं देव जाणे.

"बस्वराज, जीप काढ," ते म्हणाले. "गिरिजा, चल."

माझा आनंद काय सांगू! मी नोंदीचे कागद, कानाला मारायचा बिल्ला, माप घ्यायची फीत, सगळं पिशवीत कोंबलं. नदीच्या पुलावर आप्पांनी जीप थांबवायला लावली, उतरले, पाण्याकडं बघत जरा वेळ उभे राहिले आणि पुन्हा येऊन बसले.

आत्या अंगणात होती. आप्पा जीपमधून उतरले, चार पावलं गेले आणि थांबले.

"कुशा," ते म्हणाले. "मागायला आलोय."

आत्यानं तोंडाला पदर लावला. माय पुढं झाली, आत्याच्या पायाशी वाकायला लागली, आत्यानं तिला उठवलं आणि दोघी अशा रडायला लागल्या, की शेजारच्या बाया भिंतीवरून बघायला लागल्या. आप्पांनी लुगडं आत्याच्या ओटीत घातलं. ती म्हणत होती, "आलास ना आण्णा, बस झालं, आलास ना." बस्वराजही नाक पुसत होता.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, नाही कसं म्हणू. पण मी वळूसाठी आले होते. पिशवी घेऊन गोठ्याकडं गेले.

तो दावणीला बांधलेला होता. तेच काळंभोर तोंड, तेच लांब कान. मागचे पाय फाकवून, अवघडून उभा. शरणप्पा त्याच्या मागं हळद-तेलाची वाटी घेऊन बसला होता. मला बघून उठला.

"चिठ्ठी मिळाली होती, आक्का," तो म्हणाला. "चार दिवस थांबलो. वर दोन आणखी थांबलो. आई म्हणत होती, येईल आण्णा, येईल. परवा चिमट्यावाला गावात आलता. तो पुन्हा महिनाभर येत नाही. मृग महिन्यावर आलाय, मी काय करू, सांगा तुमीच."

काय सांगणार? त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी खाली बसले, तिथंच, शेणात. दोन दिवस! ज्या माणसाला उठून सात कोस यायला एकोणीस वर्षं आणि नऊ दिवस लागले, त्याला आणखी दोन दिवस आधी उठता आलं नाही? अंगणात हसण्याचा आवाज येत होता. आत्या मायला सांगत होती, की आज तू भाकरी थापायच्या नाहीस, मी थापणार. सगळ्यांचं सगळं झालं होतं. बहिणीला भाऊ मिळाला, भावजयीला नणंद मिळाली. मन्मथप्पांच्या दावणीला मात्र पुढच्या सालीही आंधळंच वासरू असणार होतं.

आप्पा गोठ्यात आले. डोळे पुसलेले, चेहरा कधी नव्हे इतका मोकळा. वळूकडं बघितलं आणि जागच्या जागी थबकले. जन्मभर जनावरं बघितलेला माणूस. हात पुढं करत ते जवळ गेले, वशिंडावरून, पाठीवरून हात फिरवत मागं आले. हात थांबला. शरणप्पानं मान खाली घातली.

आप्पा पुढं येऊन वळूच्या तोंडाशी उभे राहिले.

"लिही," आप्पा म्हणाले.

"काय लिहू?"

"नोंद. देवणी, वानेरा. वय साडेतीन. आई कपिला, तिची आई चांदी, तिची आई रंगी, रंगीची आई टाकळगावची थोरली लक्ष्मी. मालक कुशावर्ता सिद्रामप्पा." एकही नाव त्यांनी कुणाला विचारलं नाही. सगळी पिढी त्यांना तोंडपाठ होती. एकोणीस वर्षं बातमी ठेवून होते, गाय व्याली की कुणाकडून तरी कळवून घेत होते, आणि आम्हाला कुणाला याचा पत्ता नव्हता.

"आप्पा, खच्ची केलाय तो!" मी ओरडले. "काय करू नोंद करून? कुठल्या गायीला लावू?"

"माहीत हाय मला. तरी लिही."

मी कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं. रागारागात रंगीचं नाव मला दोनदा खोडावं लागलं. शेवटच्या रकान्यात छापलेलं होतं: गाय, कालवड, वळू. बैलाला त्यात जागा नव्हती, बैलाची नोंद मंडळ करतच नाही.

"इथं काय लिहू?" मी विचारलं.

आप्पा त्याच्या कपाळावर हात ठेवून उभे होते. मी 'वळू'वर खूण केली आणि खाली सचिव म्हणून सही केली.